दादाचा टीव्ही, आईचं माकड

आमच्या चिक्कडपल्लीच्या घरात हॉलच्या भिंतीवर एक चपटा टीव्ही टांगलेला आहे. माझ्या भावानं आणलेला. बरीच वर्षं झाली त्याला, पण मेला बिघडत नाही. बिघडला असता तर मी गल्लीभर पेढे वाटले असते. येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं फार कौतुक, आणि मला नुसतं बघितलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते. का, ते सांगते. सांगताना तोंड सुटेल माझं, आधीच बजावून ठेवते. आमच्या घरात गोड बोलायचं खातं दादाकडे आहे.

तेव्हा घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. वडील जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. दादा लग्नानंतर गच्चीबावलीकडे राहायला गेला, कंप्युटरच्या कंपनीत. रविवारी यायचा, मिरचीभजी खायचा, आम्ही काय काय चुकतोय ते सांगायचा आणि ट्रॅफिक लागायच्या आत निघायचा. मी सरकारी कचेरीत. आईनं नारायणगुड्याच्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेलं. बाईंचा दरारा असा, की रिटायर झाल्यावरसुद्धा बाजारात टक्कल पडलेले बाप्ये तिला बघून पाठीमागे हात बांधून उभे राहायचे. तिची सही अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. आडनावाचं शेवटचं अक्षर आलं की पेन न उचलता ती तसंच मागे यायची आणि खाली एक सरळ रेघ ओढायची. पट्टी लावल्याइतकी सरळ.

एका वर्षी गणपती झाले आणि आठवड्याभरात आईला झटका आला. उजवी बाजू गेली. पाय महिन्याभरात चालायला लागला, हात काही येईना. आणि नोव्हेंबर तर तोंडावर. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असं लिहून द्यावं लागतं, हयातीचा दाखला. आईनं तीनदा सही केली, तिन्ही वेळा ती कागदावरून घरंगळत गेली. काउंटरवरचा माणूस भला होता. त्यानं आवाज न चढवता निळ्या शाईचं पॅड पुढे सरकवलं.

घरी येताना ऑटोत ती सगळा वेळ अंगठा पदराला पुसत होती. शाई जात नव्हती. हिमायतनगरच्या सिग्नलला म्हणाली, "तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना लिहायला शिकवलं, आणि मी अंगठा दिला." मी म्हटलं, "जाऊ दे गं, कोण बघतंय?" तर असं काही बघितलं तिनं माझ्याकडे! "पुढच्या नोव्हेंबरला मी सही करणार. रेघेसकट. तू बघच." त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. आईनं दोन दिवस दाबला आणि मोरीत फेकला. "मी काय लिंबं पिळायला बसलेय?" मग संक्रांतीच्या सुमाराला एक दिवस म्हणाली, "माळ्यावरून ते खेळाचं डबडं काढ."

त्या डबड्याची कथा अशी. दादा दहावी पास झाला तेव्हा परदेशी माल नुकता कुठे कोठी बाजारातल्या दुकानांत उघड्यावर मिळायला लागला होता. त्याआधी असल्या वस्तू कुणाच्या तरी दुबईच्या मामाकडूनच यायच्या. दादानं आठ दिवस न जेवायची धमकी दिली, आणि वडिलांनी टीव्हीला लावायचा तो व्हिडिओ गेम आणला. खोक्यावर लिहिलेलं, नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ. डोंबल! खरे खेळ नऊ, तेच परत परत. दादाचं खूळ तीन महिन्यांत उतरलं. मला कधी जमलाच नाही, आणि मिळालाही नाही फारसा. पण आईला लागला. पेपर तपासून डोकं चढलं की ती तो लावून बसायची. एकच खेळ खेळायची, माकडाचा. नदीतून ओंडके वाहत येतात, तेरा ओंडक्यांवरून उड्या मारत माकडानं पैलतीराला जायचं. ओंडका पायाखाली आला की बटण दाबायचं. जरा लवकर दाबलं तर माकड पाण्यात, जरा उशिरा दाबलं तरी पाण्यात. आई ओठांतल्या ओठांत मोजायची, "एक, दोन, अडीच," आणि अडीचला बरोब्बर दाबायची. आमच्या घरात तेरा ओंडके पार करणारी ती एकटीच.

तेव्हाचा टीव्ही एकवीस इंची. मागे ढेरी इतकी, की शोकेसच्या बाहेर यायची. आईनं त्याला पोपट भरलेलं झाकण शिवलं होतं. त्या टीव्हीवर माकड कसं दिसायचं म्हणता? माकडासारखं! अंगावर केस आहेत असं वाटायचं, शेपटी गोल वळायची, नदीचं पाणी वाहायचं, खालची वाळूसुद्धा दिसायची. आता मला कळतं की ते सगळे नुसते रंगीत चौकोन होते. त्या जाड काचेत ते एकमेकांत विरघळायचे आणि उरलेलं चित्र आपले डोळे पुरं करायचे. आम्हाला कधी काही कमी वाटलं नाही.

जानेवारीत आईचा अंगठा बटण नुसता चाचपडायचा. मी बघायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. पण बाई चिवट. उन्हाळ्यात चार ओंडके झाले. पावसाळ्यात आठ. रोज खेळ संपला की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या घरात त्याच उजव्या हातानं आकडा लिहायची आणि खाली बारीकशी सही करायची. आधी ती सही म्हणजे नुसता गिचमिडा. आषाढात अक्षरं सुटी झाली. गौरी जेवल्या त्या दिवशी कॅलेंडरात तेरा आकडा होता आणि खाली पूर्ण सही, रेघेसकट. रेघ थोडी थरथरली होती, पण होती. मी ती माझ्या डोळ्यांनी बघितली. हे लक्षात ठेवा, कारण मी पुढे विसरले.

दसऱ्याला दादा आला. बरोबर दोन माणसं आणि पलंगाएवढं खोकं. "सरप्राइज!" माझे हात पुरणानं भरलेले. आई म्हणतेय, "अरे, आधी विचारायचं तरी." पण विचारतो कोण? जुना टीव्ही खाली उतरला, तारा निघाल्या, भिंतीला भोकं पडली. आई म्हणाली, "तो आतल्या खोलीत राहू दे, माझा खेळ आहे त्यावर." तर दादा हसला. "आई, लाइट घे, एवढं काय मनावर घेतेस. खेळ यावर आणखी भारी दिसेल, हा एचडी आहे. ते डबडं आता कोण ठेवतं? अंबरपेठेत एक रिपेअरवाला आहे, तो घेऊन जाईल." आणि गेलासुद्धा टीव्ही, पोपटाच्या झाकणासकट. मी काय केलं? मी म्हटलं, "बरं झालं, तेवढीच धूळ कमी." हेच शब्द. अजून कानात वाजतात.

दसरा म्हणून आईनं नव्या टीव्हीला हळदकुंकू लावलं, आणि खेळाच्या डबड्यावरही एक झेंडूचं फूल ठेवलं. दादा ओरडला, "अगं, स्क्रीनला कुंकू नको लावू!" मग ते डबडं त्यानं जोडून दिलं, आणि आम्ही तिघांनी बघितलं.

काय सांगू तुम्हाला! माकडाचा रेडा झालेला. चित्र मुळात चौकोनी, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येत होते, ते काही दादाला सहन होईनात. "एवढा मोठा स्क्रीन घेतला, तो भरायला नको?" म्हणून त्यानं चित्र दोन्हीकडून ताणलं. तेव्हा सगळ्यांच्या घरी हेच चाललेलं. एचडी टीव्ही, त्यात कॉलनीच्या केबलची मळकी तार, बातम्या देणारी बाई गाल सुजल्यासारखी दिसतेय, आणि घरचे म्हणताहेत वा, काय क्लिअर आहे! आमच्या माकडाचे केस गेले. चौकोनावर चौकोन रचलेले नुसते, आणि कडांना मुंग्या लागल्यासारखं काहीतरी वळवळत होतं. पाण्याच्या जागी उभे पट्टे. आई बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "हे असंच होतं का रे आधीपासून?" दादा म्हणाला, "असंच होतं. आता खरं दिसतंय." मोठा शहाणा.

दिसण्याचं एक वेळ सोडून देऊ. पण माकड बुडायला लागलं. पहिल्याच ओंडक्याला. आई मोजतेय, एक, दोन, अडीच, अंगठा खाली जातोय आणि माकड जागचं हलत नाही. पाण्यात पडता पडता उडी मारतंय. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडा झाला, तेच. कधी चुकून दोन ओंडके व्हायचे. आई म्हणायची, "माझं ऐकतं गं ते, पण उशिरा. मी वेळेवर दाबते." मी दादाला फोन केला. रविवारी त्यानं खेळून बघितलं, तोही पहिल्याच ओंडक्याला बुडाला. म्हणाला, "मला कधी येतच नव्हतं." मी खेळले, बुडाले. मीही तेच म्हटलं. दोन धडधाकट माणसं त्याच पाण्यात बुडाली आणि दोघांपैकी एकालाही शंका आली नाही! कारण हा खेळ आईलाच यायचा हे आमच्या घरात ठरलेलं, त्यामुळे आमचं बुडणं आम्ही मोजलंच नाही. आईचं तेवढं मोजलं. दादा जाताना जिन्यात मला हळूच म्हणाला, "रिअ‍ॅक्शन स्लो होतेय तिची. तयारी ठेव." आणि मी मान हलवली.

आईला ते कुणी सांगितलं नाही, पण तिला कळायचं राहिलं का? मी सुरी तिच्या हातातून काढून घ्यायला लागले. दूध मीच उतरवायचे. डॉक्टरांनी तिला विचारलं, "विसरायला होतं का हो?" तर तिच्याआधी मीच म्हटलं, "हो, थोडं." तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. दिवाळीच्या आठ दिवस आधी कॅलेंडरात दोन आकडा होता. त्यानंतरची घरं कोरी. सहीही नाही. खेळाचा बटणांचा रिमोट तिनं पिशवीत घालून डबड्यावर ठेवून दिला.

नोव्हेंबर आला. बँकेत ही गर्दी. सगळे म्हातारे हयात असल्याचं सांगायला आलेले, आणि मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन उभी. साहेबांनी बाराच्या आत ये म्हणून बजावलेलं. आमचा नंबर आला. आईनं पर्समधून स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडलं, कागदावर हात टेकवला. आणि थांबली. हात थरथरत नव्हता. ती नुसती कागदाकडे बघत होती. म्हणाली, "थांब, करते." मागे कुणीतरी म्हणालं, "जल्दी करो अम्मा." मी घड्याळ बघितलं. पाचेक सेकंद झाले असतील, जास्त नाही. मी तिच्या हातातून पेन घेतलं, तिचा अंगठा धरला, पॅडवर दाबला आणि कागदावर उमटवला. "झालं. कशाला उगाच परेशान होतेस?" असं म्हटलं मी. तिनं हात सोडवून घेतला नाही. या वेळी ऑटोत तिनं अंगठा पुसलासुद्धा नाही.

दोन दिवस घरात ती गरजेपुरतं बोलली. मला ते टीव्हीखालचं डबडं बघवेना. म्हटलं, त्या अंबरपेठवाल्याला हेही देऊन टाकू, नजरेआड तरी होईल. शनिवारी पिशवीत भरलं तर आई चपला घालून दारात उभी. "मी पण येते. फेकणार असशील तर मला बघू दे."

दुकान एवढंसं. आत बाहेर उघडे टीव्ही, आणि मध्ये आमचा! पोपटाचं झाकण घडी करून वर ठेवलेलं. दुकानदार माझ्याच वयाचा असेल, पण केस पिकलेले. त्यानं आईला स्टूल दिलं, डबडं उलटंपालटं करून बघितलं. "चलता क्या ये? चेक कर लेतूं." आमच्याच टीव्हीला तार खोचली. चित्र आलं. केस असलेलं माकड. वाहणारं पाणी. त्यानं रिमोट आईच्या हातात दिला. "अम्मा, जरा चलाके दिखाओ."

आई नको म्हणत होती. मग दाबलं. एक, दोन, अडीच. माकड ओंडक्यावर. परत. परत. मी मोजत होते, आई मोजत होती, सातव्या ओंडक्यापासून दुकानदारही मोजायला लागला. महिनाभर हात न लावलेली बाई, तेराच्या तेरा ओंडके पार करून पैलतीरावर! दुकानदारानं टाळी वाजवली.

मी त्याला नव्या टीव्हीचं सांगितलं. तो हसला, मला वाटतं त्याला वाटलं मी गंमत करतेय. "हौ मॅडम, वो तो होता च है. नई टीवी पिक्चर को पहले अंदर साफ करती, खींच के बडा करती, फिर दिखाती. तब तक बटन का टाइम निकल जाता. पुरानी में सीधा आता. अम्मा बरोबर दबा रहे थे. टीवी च लेट थी."

टीवी च लेट थी. दीड महिना. मी दुकानातच दादाला फोन लावला आणि रस्त्यावरचे लोक थांबून बघतील इतकं ओरडले. कंप्युटरवाला म्हणवतोस, एवढं कळलं नाही तुला? आईचा हात चांगला होता, तुझ्या त्या दळभद्री टीव्हीनं घालवला! तिकडून तो "अगं पण, अगं पण" करतोय आणि मी काही ऐकत नाहीये. आईनं माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. उजव्या हातानं.

"त्याला कशाला बोलतेस?" ती म्हणाली. "टीव्ही उशीर करतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. तुलाही नव्हतं, मलाही नव्हतं. पण बँकेत पेन माझ्या हातात होतं."

दुकानदार उगाच तारा गुंडाळायला लागला.

जुना टीव्ही आम्ही परत आणला, आतल्या खोलीत स्टुलावर ठेवला. दादानं माफी मागितली, दोनदा, आणि आईनं त्याला पहिल्याच खेपेला माफ केलं. कॅलेंडरात परत आकडे यायला लागले. तेरा, तेरा, बारा, तेरा. खाली सही. मी रोज बघायचे. "आई, रेघ छान आलीय," असं म्हणायचे. ती म्हणायची, "हौ," आणि पेनाला टोपण लावायची. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. शाळेत पोरांवर ओरडायची तशी ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. पण ती ओरडली नाही, आणि मीही कधी माफी मागितली नाही. दादाला शिव्या घालत राहिले. ते सोपं होतं.

पुढचा नोव्हेंबर आला. मी महिनाभर आधी साहेबांना सांगून ठेवलेलं, या वेळी अर्धा नाही, पूर्ण दिवस रजा. दहालाच तयार होऊन बसले. आई आतून आली. नारायणपेठी नेसलेली, केसांत गजरा, पर्समध्ये पेन आहे का ते बघतेय. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू का थांबलीस? तू ऑफिसला जा. दादा येतोय मला न्यायला."

दादा आला, तिला हात धरून जिना उतरवून घेऊन गेला. साडेअकराला त्याचा फोन. "अगं, एका दमात! खाली रेघसुद्धा ओढली. काउंटरवाला उठून उभा राहिला." मी म्हटलं, "बरं झालं."

रजा टाकलेलीच होती. दिवसभर मी घरीच होते.